भाऊजींची साक्ष

या जगात कुठल्याच गोष्टीची खात्री देता येत नाही, याबद्दल ज्यांना पूर्ण खात्री होती असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि माझ्या थोरल्या बहिणीने नेमकं त्यांच्याशीच लग्न केलं. भाऊजी अमरावतीच्या एका दैनिकात कोर्टाच्या बातम्या लिहीत. राहायला बडनेऱ्याला. सकाळी स्कूटरला चहाचा थर्मास अडकवून निघायचे, दिवसभर एका कोर्टातून उठून दुसऱ्या कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळी कचेरीत जाऊन बातम्या द्यायचे. त्यांच्या बातमीत कधी कुणी चोरी केली नाही, कुणी कुणाला मारलं नाही. चोरी केल्याचा आरोप असायचा, मारहाण कथित असायची, आरोपी संशयित असायचा. इथवर ठीक होतं. वर्तमानपत्राची ती रीतच आहे. पण इतर बातमीदार ही भाषा कचेरीत ठेवून घरी जातात, भाऊजी ती पिशवीत घालून घरी आणत.

एकदा मी सुट्टीत बहिणीकडे उतरलो होतो. स्वयंपाकघरात मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालून उभं, ताई दारात लाटणं घेऊन उभी, आणि भाऊजी मला शांतपणे सांगत होते, "मांजरीनं दूध प्यायल्याचं समजतं. मांजरीची बाजू मात्र कळू शकली नाही." ताई म्हणाली, "तिचं तोंड पातेल्यात आहे, दिसून नाही राहिलं का तुमाले?" त्यावर भाऊजी म्हणाले, "तोंड आहे. हेतू सिद्ध व्हायचा आहे." भाजी कशी झाली असं विचारलं तर "प्रथमदर्शनी बरी" म्हणायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मुलं टीव्हीच्या रिमोटवरून भांडली की दोघांचं म्हणणं सविस्तर ऐकून घेत, दोघांनाही मान डोलावत, आणि मग पुढची तारीख देत. तोवर टीव्ही ताई पाहायची.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा तर कहर झाला. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, मुलगीही अकोल्याचीच. मुलीच्या वडिलांनी, सगळेच विचारतात तसं, भाऊजींना विचारलं, "मुलगा निर्व्यसनी आहे ना?" माझ्या तोंडात तेव्हा चिवड्याखेरीज काही नव्हतं. भाऊजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजवर तसं काही सिद्ध झालेलं नाही." बैठकीतल्या सगळ्या कपबशा तोंडाकडे जाता जाता अर्ध्या वाटेवर थांबल्या. ताईने आत जाऊन बायकांना काय समजावलं ते मला माहीत नाही, पण लग्न झालं. पुढे बायकोने मला सांगितलं की आधी आलेल्या सगळ्या स्थळांनी आपापल्या मुलाची इतकी तारीफ केली होती की तिला धास्तीच बसली होती. आमच्याकडून कोणीच काही छातीठोक बोललं नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

भाऊजी मुळात असे नव्हते, असं ताई सांगते. नवीन असताना त्यांनी कुण्या पोराला बातमीत सरळ चोर म्हणून टाकलं होतं. पुढे तो सुटला. त्याची आई त्याला घेऊन कचेरीत आली. भांडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आता थोच पेपर घ्या अन् हा चोर नाई म्हनून छापा." भाऊजींनी छापलं, पण आतल्या पानावर, खाली, जाहिरातीशेजारी. ती जागा पाहून बाईने तो पेपर घडी घालून पिशवीत ठेवला, याचं भाऊजींना जास्त लागलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही ठाम म्हणणं सोडून दिलं.

अशा माणसावर साक्ष द्यायची वेळ आली.

झालं असं की बडनेऱ्याकडच्या एका फुलवाल्या घरातल्या दोन जावा बाजारात शेजारीशेजारी फुलं विकत. कुणाचं टेबल कुणाच्या पुढे सरकलं यावरून त्यांचं कोर्टापर्यंत गेलं होतं. तारखेला दोघी यायच्या, आणि एकाच ऑटोने यायच्या, कारण दोन ऑटो करणं दोघींनाही मूर्खपणाचं वाटे. अशाच एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांची जुंपली. मोठीने तारीख संपवून थेट बाजारात जायचं म्हणून झेंडूची टोपली सोबत आणली होती. नेमक्या त्याच वेळी एका वानराने एका वकिलाचा डबा पळवला आणि झाडावर बसून तो उघडायला लागलं. वकील, पक्षकार, पोलीस, अख्खा व्हरांडा वानराकडे पाहत होता. खुद्द डब्याचे मालक खाली उभे राहून "झाकण तरी टाक" म्हणत होते. एकटे भाऊजी दोघी जावांकडे पाहत होते, कारण एकीचं म्हणणं ऐकून झालं होतं आणि दुसरीचं अर्धं व्हायचं होतं. तेवढ्यात टोपली उलटली, लहानी पडली आणि तिचं मनगट मोडलं.

लहानीने फिर्याद दिली की मोठीने ढकललं. मोठीवर खटला उभा राहिला, आणि हाड मोडलेलं असल्यामुळे प्रकरण साधं राहिलं नाही. तिला तुरुंगात जावं लागेल असं जो तो म्हणायला लागला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाऊजींची बातमी होती, 'न्यायालयाच्या आवारात कथित धक्काबुक्की'. पोलिसांनी ती वाचली आणि तिथे वानराकडे न पाहणारा निदान एक माणूस होता हे त्यांच्या लक्षात आलं. भाऊजींना समन्स आलं.

मधल्या काळात लहानीचा हात प्लास्टरमध्ये. तिला हार गुंफता येईनात. तेव्हा आरोपी रोज पहाटे आपले हार गुंफून झाले की फिर्यादीचे गुंफायची. बोलणं बंद होतं. टेबलावर हार ठेवायची आणि तोंड फिरवायची. भाऊजींनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "यात बातमी आहे, पण कोणाच्या बाजूनं आहे ते समजत नाही."

साक्षीच्या आदल्या दिवशी ताईचा मला अकोल्याला फोन आला. "तू ये बाबू. हे जेवून नाही राहिले. जिंदगीभर दुसऱ्याचं ऐकलं, आता सोताले बोला लागते म्हनून." मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि त्यांच्यासोबत कोर्टात गेलो. पट्टेवाल्याने नाव पुकारलं तेव्हा भाऊजी सवयीने आपल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते आणि कोण साक्षीदार येतो ते पाहत होते. मी त्यांना उठवलं.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. सरकारी वकिलांनी विचारलं, "घटनेच्या वेळी तुम्ही व्हरांड्यात होता?"

"होतो असं समजतं," भाऊजी म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. "समजतं म्हणजे? कोणाकडून समजतं?"

"सूत्रांकडून, मॅडम."

"कोण सूत्रं?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "मीच," ते म्हणाले.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरकारी वकिलांनी घाम पुसला आणि विचारलं की आरोपीने फिर्यादीला धक्का दिला का. भाऊजी म्हणाले, कथित धक्क्याबाबत परस्परविरोधी दावे आहेत. आरोपी समोर उभी आहे ती ओळखता का, तर म्हणाले, संशयित महिला त्यांच्या परिचयाची आहे. मी पाहिलं, मोठी जाऊ पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिला यातला एक शब्दही कळत नव्हता, पण हा माणूस काहीच बोलत नाही आहे एवढं तिला कळत होतं. प्लास्टर निघालेला हात मांडीवर ठेवून लहानी बाकावर बसली होती. तीही भाऊजींकडेच पाहत होती.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काका, तुमच्या बातम्या मी वाचते. पण इथं कथित चालणार नाही. तुम्ही सांगितलं नाही तर मला कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्हाला दिसलं की नाही?"

भाऊजींनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. मग माझ्या बहिणीशीसुद्धा ते ज्या भाषेत क्वचितच बोलत, त्या त्यांच्या गावच्या भाषेत ते म्हणाले, "दिसलं मॅडम. मोठीनं हात उगारला होता, पन मांगं घेतला. लहानी दोन पावलं मांगं सरकली अन् झेंडूवर घसरली. कोनं कोनाले ढकललं नाही. मी पायलं."

लहानी बाकावरून म्हणाली, "मले वाटलं ढकललं." वकिलांनी तिला गप्प केलं, पण ती पुन्हा, जरा हळू म्हणाली, "मले तसंच वाटलं होतं ना."

पुढे निकाल लागला आणि मोठी सुटली. पण त्याआधीची गंमत सांगायची राहिली. साक्ष झाली त्याच संध्याकाळी भाऊजींनी नेहमीप्रमाणे दिवसभराच्या बातम्या दिल्या. त्यात एक अशी होती की फुलविक्रेत्या जावांच्या खटल्यात एका स्थानिक पत्रकाराची साक्ष झाली. सुरुवातीला साक्षीदार गोंधळलेला होता, त्याच्या उत्तरांमध्ये सुसंगती नव्हती आणि न्यायालयाला त्याला समज द्यावी लागली. संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. "अहो, हे तुम्हीच ना?" भाऊजी म्हणाले, "हो. मी हजर होतो. होता तो गोंधळलेला." मोठीने निकालानंतर घरी शेवंतीची वेणी पाठवली, ती भाऊजींनी परत केली, कारण बातमीदाराने आरोपीकडून काही घ्यायचं नसतं. "आता ती आरोपी नाही," असं ताईने निदर्शनास आणून दिलं आणि स्वतः ऑटो करून वेणी परत आणली.

आता भाऊजी निवृत्त आहेत. त्यांच्या जागी कोणी नेमलं नाही. कोर्टाच्या बातम्या वकीलच मोबाइलवर पाठवतात, आणि त्यात ज्याने पाठवली तो वकील नेहमी जिंकलेला असतो. मुलं पुण्याला. भाऊजी तरीही सकाळी स्कूटर काढून कोर्टात जातात. ताई काही म्हणत नाही, चहाचा थर्मास तेवढा भरून देते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या नातवाच्या बारशासाठी त्यांना अकोल्याला न्यायला मी अमरावतीला गेलो. ताई आधीच आमच्याकडे आलेली होती. कोर्ट सुटलं होतं, शिपाई खोल्यांना कुलपं लावत होता. भाऊजी व्हरांड्यातल्या बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी बसले होते. चिखलदऱ्याकडच्या कुठल्या गावाहून तो तारखेसाठी आला होता. त्याचा वकील आलाच नव्हता, पुढची तारीख मिळाली होती आणि त्याची एसटी अजून लागायची होती. मी म्हटलं, "भाऊजी, निघायचं ना? बडनेऱ्याहून गाडी आहे."

त्यांनी मला हाताने थांब म्हटलं. मग थर्मासचं झाकण भरून म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "हं, मंग काय झालं?"

म्हातारा सुरुवातीपासून सांगायला लागला. त्याच्या सांगण्यात बैल होता, जावई होता, एक विहीर होती, आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते मला कळेना. भाऊजी किंचित पुढे झुकून ऐकत होते. मध्येच "बरं" म्हणत होते. मी त्यांच्याशेजारी बाकाच्या टोकाला बसलो. गाडीची वेळ टळून गेली. मी त्यांना सांगितलं नाही.