विचारून जाणाऱ्या बाया

"काऊन बे, बायकोले तुतारीनं हाणतो म्हणे तू?"

पाटील बंगईवर झुलत विचारत होते. माझा नवरा अंगणात मान खाली घालून उभा. मी त्याच्या मागे. ओसरीवर चहा पीत बसलेली माणसं हसली. पाटलांच्या शेजारी खुर्चीत वर्ध्याहून आलेली ताई. तिच्याही हातात कपबशी.

तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. टोकाला खिळा असतो. ही गोष्ट मी फक्त त्या ताईला सांगितली होती. त्याच दुपारी.

ती कॉलेजात शिकवायची. बायकांना घरात मार बसतो का, कोण मारतं, हे विचारत समुद्रपूरकडच्या गावांतून फिरत होती. घरी विचारलं की सासू दारात येऊन बसायची, नवरा खाकरायचा, आणि बाई म्हणायची, सुखात आहे. म्हणून ती वेचणीच्या दिवसांत शेतात आली. हुशार होती. माझ्या बाजूचं तास, म्हणजे कापसाची ओळ धरली, कमरेला फडकं बांधलं, कापसाच्या बोंडांनी बोटं ओरबाडून घेतली. मला हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "मी तुझं नावसुद्धा विचारत नाही. कुणाला कळणार नाही."

मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. आईनंही नाही. मी बोलत सुटले. पाठ दाखवली. ती रडली. खरंच रडली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आपलं माणूस भेटलं.

पण तिचा मुक्काम पाटलांकडे. बाहेरची शिकलेली माणसं तिथंच उतरायची. संध्याकाळी चहा घेताना तिनं सगळं पाटलांना सांगितलं. माझं भलं व्हावं म्हणून. नाव तिला माहीत नव्हतंच. आम्ही वेचलेला कापूस टाकायला पाटलांच्या अंगणात आलो तेव्हा तिनं बोट दाखवलं. "ही." पाटलांनी गडी पाठवून नवऱ्याला बोलावून घेतलं.

"माणूस आहे ती, बैल नाही. पुन्हा हात उचलू नका," ताई त्याला म्हणाली.

"नाई जी, मारत नाई मी." त्यानं हात जोडले.

"झालं तर मग. ने तिले घरी, नीट ठेवजो," पाटील म्हणाले. पुन्हा हसू. ताईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. तिला वाटलं, तिनं मला वाचवलं. दारामागे पाटलीणबाई पदर ओढून उभ्या होत्या. त्यांना ताईनं काहीच विचारलं नव्हतं.

त्या रात्री ती पाटलांच्या माडीवर गादीवर झोपली. मी माझ्या घरी. चारचौघांत मान खाली घालावी लागली, तो राग त्यानं दार लावून माझ्यावर काढला. डावा हात अजून नीट वर जात नाही. सकाळी ताई जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेली.

नवऱ्याचा मार मला जुना होता. त्याचं नवल नव्हतं. पण तिनं माझं दुखणं चहाबरोबर वाढलं, ते आतपर्यंत लागलं. तिच्या आसवांचा मला आजही राग येतो.

नंतर तेच विचारायला दुसऱ्या ताया आल्या. माझा हात साऱ्यांनी पाहिलेला होता. एकजात साऱ्या बायका म्हणाल्या, "नाई जी, आमच्या गावात असं काई नाई." मीही तेच म्हणाले. मग ऐकलं की त्यांच्या कागदावर आमचं गाव चांगलं निघालं. पाटलांनी ते चावडीवर वाचून दाखवलं. माझा नवरा तिथं छाती काढून बसला होता. त्याला पाहिलं आणि डोक्यात लखकन उजेड पडला. आमच्या गप्प बसण्यानं वाचला कोण? हाच.

पुढच्या वेचणीला आणखी एक पोरगी आली. माझ्याच बाजूचं तास धरलं. तेच बोलणं, कुणाला कळणार नाही.

मी म्हटलं, "सांगीन सारं. पण आज मुक्काम माह्या घरी."

तिनं बांधावरच्या जीपकडे पाहिलं. "माझी सोय पाटलांकडे केलीय."

"मंग पाटलीनबाईले विचारा तुमी."

ती गेली. मी वेचत राहिले.

आता कुणाच्या घरातून माराचा आवाज आला की आम्ही बायका तिच्या दारात जाऊन बसतो. उजाडेपर्यंत उठत नाही. पहिल्यांदा बसलो ते माझ्याच दारात. आणि विचारायला येणारीला मी एकच सांगते. जिला विचारशील, तिच्याजवळ त्या रात्री राहा. रात्र काढायची नसेल, तर दुपारी विचारू नको.