राक्षसाचे टाके

"शिवण? माझ्या नावापुढे नुसतं 'शिवण' लिहिलंस?" साइपिनने खेळाचं पत्रक भावाच्या ताटाशेजारी आपटलं.

"मग काय लिहू? शिवतेसच ना तू?" वीरयुत भातावर माशाचा रस्सा ओतत म्हणाला.

"आणि नाचाची रचना म्हणून तुझं नाव! टाके उसवत नाचायचं कुणाला सुचलं होतं रे?"

"वन्सं, नाव घरातच राहिलं ना?" ओरथैवहिनी मधे पडली. "भावाचं काय, बहिणीचं काय!"

"मग बहिणीचं घालायचं होतं."

खोन या थाई मुखवटानाचाचा भरजरी पोशाख चढवत नाहीत, नाचणाऱ्याच्या अंगावरच शिवतात. एकोणीस वर्षं साइपिन दादाला असं शिवून राक्षसराजा तोसकन, म्हणजे थाई रामायणातला रावण, बनवत आली होती. बाबा नाचाचे गुरू. पोरीनं राक्षस नाचू नये म्हणून त्यांनी तिच्या हाती सुई दिली. तिने तोंडात टाचण्या धरून सगळी पावलं पाठ केली. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने दादाला स्वतःचा नाच दाखवला. पावलं जुनीच, पण नाचता नाचता राक्षसाचा एकेक टाका कापला जातो, जरीचा साज उतरतो आणि शेवटी साधा, थकलेला माणूस उरतो. दादा तो नाच घेऊन तीन देश फिरून आला. टाके कापायला तीच मागे उभी असायची, काळ्या कपड्यांत, लोकांकडे पाठ करून. टाळ्या तिला पाठीनेच ऐकाव्या लागत.

"नाचायची परवानगी तरी आहे का तुला?" वीरयुत हसला. "बाबांनी गुरूचा मुखवटा कुणाच्या डोक्यावर ठेवला होता?"

हे त्याने विचारायला नको होतं. गुरुपूजेत ज्याच्या डोक्यावर गुरूचा, म्हणजे ऋषीचा, मुखवटा ठेवतात, त्यालाच नाचायची परवानगी मिळते. एकोणीस वर्षांपूर्वी दादाच्या गुरुपूजेच्या गुरुवारी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दादाच्या पोशाखाच्या काठाचा सुटलेला टाका घालायला साइपिन पुढे वाकली आणि ऋषीचा मुखवटा तिच्याच डोक्यावर आला. बाबांना कळलं तोवर मंत्र संपला होता, आणि ठेवलेला मुखवटा मागे घेता येत नाही. त्यांनी तो मग दादाच्याही डोक्यावर ठेवला आणि घरातल्यांना गप्प राहायला सांगितलं. एकोणीस वर्षं सगळे गप्प होते.

"माझ्या," ती म्हणाली. "तुझ्या आधी माझ्या."

"ते चुकून!"

"चुकून का होईना. वहिनी, तू होतीस ना तिथे?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "होते," ती पुटपुटली.

वीरयुतचा चमचा खाली आला. "शनिवारी खेळ आहे, साइपिन. सगळी तिकिटं गेलीत. तू शिवलं नाहीस तर कोण शिवणार? कुठला टाका कधी कापायचा, कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

त्याच्या आवाजातली भीती तिने चवीने ऐकली. मग खुर्ची ओढून बसली आणि स्वतःला भात वाढून घेतला.

"शनिवारी तोसकन मी नाचणार," ती म्हणाली. "वहिनी मला शिवेल, कसं ते मी दाखवते. कात्री तू धरायचीस, दादा; कुठला टाका कधी कापायचा ते मी शिकवते. काळे कपडे घालून, लोकांकडे पाठ करून. जमत नसेल तर खेळ होणार नाही."