चंदेरीच्या माथ्यावरचं पाणी

माझा स्वभाव पहिल्यापासून हेकट. एकदा शब्द दिला की मग आभाळ कोसळो, मी तो पाळणार, याचा मला भारी तोरा होता. कल्याणात सगळे त्यावरून माझी थट्टा करत आणि मी मनातून खूश होत असे. त्या तोऱ्याने काय केलं ते लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

आम्ही तिघे ठाण्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. एक मी, दुसरा माझ्याच आळीतला, विधवा आईचा एकुलता एक, आणि तिसरा कोलशेतच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सुटली तरी आमची संगत सुटली नाही. सुट्टी मिळाली की कुठला ना कुठला डोंगर चढायचा, हे आमचं वेड. वर देव नाही, जत्रा नाही, मग जाऊन करता काय, असं घरचे विचारत. 

त्या चैत्रात चंदेरीला जायचं ठरलं. त्याच सुमारास आमच्या आळीत एका मुलाने ख्रिस्ती पाववाल्याचा पाव खाल्ल्याचा बोभाटा झाला होता. त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. आळीतल्या मित्राच्या आईने त्याचा धसका घेतला होता. निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या माझ्या हातात दिला.

"तुमचा तो कोलशेतचा मित्र चांगला आहे, मी नाही म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "पण त्याच्या हातचं पाणी याला घेऊ देऊ नकोस. याला कसला धरबंधच नाही. उद्या कळलं तर मुलगी कोण देईल रे? तू शब्द दे."

मी दिला.

बदलापूरपर्यंत आगगाडीने गेलो आणि तिथून चालत. डोंगर नुसते भाजून निघाले होते. गवत जळून काळं पडलेलं, झाडांना पान नाही, कातळाला हात लावला की चटका. दुपारच्या आत गुहेशी पोहोचलो. तिथल्या टाक्यात थोडं पाणी होतं, पण आमचा तांब्या जवळजवळ भरलेलाच होता. आम्ही दोघांनी दशम्या खाल्ल्या. कोलशेतकर आपली तांदळाची भाकरी घेऊन नेहमीप्रमाणे हातभर लांब बसला. त्याच्यापाशी पाण्याने भरलेला वाळका भोपळा होता.

गुहेच्या वर खरी चढण. हातापायांनी कातळ धरून जायचं, खाली बघायचं नाही. मी सगळ्यांच्या पुढे. तांब्या उपरण्यात बांधून पाठीवर घेतला होता आणि मागे वळून दोघांना चिडवत होतो. गाठ कधी सैल झाली ते मला कळलंच नाही. तांब्या निसटला आणि ठणठण वाजत दरीत गेला. मित्र पोट धरून हसला. "आता घरी गेल्यावर तुझी धडगत नाही," म्हणाला.

माथ्यावर बोटभर सावली नव्हती. आम्ही बराच वेळ बसलो. मलंगगड दिसत होता, पलीकडे माथेरान. मग मित्राने भोपळ्याकडे हात केला.

"नको," मी म्हणालो. "काकूंना मी शब्द दिलाय. खाली टाकं आहे. तासाभराचा तर प्रश्न."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "बरं, शास्त्रीबुवा." त्याच्या आवाजात राग नव्हता.

थोड्याच वेळात तो असंबद्ध बोलू लागला. अंगाचा घाम थांबला होता, चेहरा लालबुंद. उठायला गेला आणि तिथेच बसला.

"आता ऐक माझं," कोलशेतकर म्हणाला. "पानी देऊ दे त्याला. मागनं मला शिव्या दे."

"मी टाक्याचं आणतो," असं म्हणून मी पळत सुटलो. खरंच पळत, त्या कातळावरून, गुडघे फोडून घेत. टाक्याशी गेल्यावर ध्यानात आलं की पाणी न्यायला काही नाही. उपरणं भिजवलं, दातांत धरलं आणि वर चढलो. अर्धं पाणी वाटेतच गळालं.

वर त्याचं डोकं कोलशेतकराच्या मांडीवर होतं. ओठ ओले, अंगरख्याची छाती ओली. भोपळा बाजूला पडला होता.

"दोन घोट गिळले त्यानं," तो म्हणाला. "मग नाय."

आधी दिलं असतं तर, हे तो बोलला नाही. मी मात्र रोज बोलतो.

खालच्या पाड्यातल्या ठाकरांनी झोळी करून त्याला उतरवलं. बैलगाडीने कल्याणला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. अंगणात काकू पुढे आल्या. त्यांना रडूही येत नव्हतं. त्यांनी मला एकच विचारलं, "शेवटी पाणी पडलं ना रे त्याच्या तोंडात?"

"पडलं."

"कुणी दिलं?"

कोलशेतकर कुंपणाबाहेर उभा होता. माथ्यापासून गाडीपर्यंत झोळीचं एक टोक त्यानेच खांद्यावर वाहिलं होतं. त्याला ऐकू जात होतं. मी म्हणालो, "मी. टाक्याचं."

काकूंनी माझा उजवा हात धरून डोळ्यांना लावला. मी मान वर केली तेव्हा कुंपणाशी कोणी नव्हतं.

महिन्याभराने मी कोलशेतला गेलो. काकूंना खरं सांगून टाकतो, असं म्हणालो. तो शेताच्या बांधावर बसून होता, उठला नाही. "नको सांगू," म्हणाला. "तिला तेवढंच हाय. आन् तू परत येऊ नको."

पुढे दर वर्षी त्या तिथीला काकू मला जेवायला बोलावत. पान आधी माझं वाढत. मी कधी नाही म्हणालो नाही, कधी सांगितलंही नाही.

काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा भावाची मुलं उशाशी होती, तरी त्यांनी मला निरोप धाडला. गंगेची कुपी फोडून ठेवलेली होती. भाच्याचा हात त्यांनी बाजूला केला.

"त्याला दिलंस तसं मलाही तूच दे," त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिलं.