आईच्या पिशवीतली पुडी

बायकोपाशी हे कधी बोललो नाही. आई गेल्यावर तिच्या फोटोसमोरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमतंय कदाचित.

आम्ही जुईनगरला राहतो. माझी आई पन्नाशीनंतर वाचायला शिकली. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ते आई करायची — बोट ओळीखाली धरून, अडखळत. बायका कुजबुजल्या की चष्म्यावरून बघायची. "सुनांची गाऱ्हाणी घरी गं. हितं ऐका." त्या जागेसाठी तिनं जन्माची मशेरी सोडली. पंचशील म्हणायचं आणि दाताला तंबाखू लावायची, हे तिला पटेना.

तंबाखू मीही सोडली होती — बायकोपुरती.

एका मे महिन्यात आई, बायको, मुलगी आणि मी फिरायला गेलो. क्वालालंपूर आणि सिंगापूर, पाच दिवसांत दोन शहरं. आईचा पहिलाच विमानप्रवास. तिथले उंच टॉवर बघून म्हणाली, "एवढ्या वर राहतात, पन पापड वाळत घालतात कुठं?" मुलगी दिवसभर हसत होती. तो दिवस आठवला की — असो.

क्वालालंपूरहून सिंगापूरला बसनं निघालो. सीमेवर सामानासकट उतरून तपासणी द्यावी लागते. त्याआधी टूरवाल्यानं बजावलं, "तंबाखू, गुटखा काय असेल तर इथंच टाका. पुढे बंदी आहे." पुडी माझ्या खिशात होती. टाकायला उठलो असतो तर बायकोला कळलं असतं. आणि खरं सांगू? टाकवतही नव्हती. शेजारी आई झोपली होती. तिच्या कापडी पिशवीत, ओव्याच्या डबीखाली, मी पुडी सरकवली. म्हातारीची पिशवी कोण बघतंय?

बघितली.

अधिकाऱ्यानं पुडी वर धरून विचारलं. मुलीनं आजीला मराठीत सांगितलं — हे कुणाचं, विचारतायत. आईनं पुडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. एकदाच.

"माझीच हाय. मशेरीला आनलेली. सांग त्यांना."

मी काय केलं? बॅगा उचलून बाजूला ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवल्या.

तिला आतल्या खोलीत नेलं. भाषेसाठी मुलगी बरोबर गेली. तासाभरानं तंबी देऊन सोडलं. मुलगी रडत बाहेर आली. बायको चिडली, "आई, विहारात पंचशील आणि पिशवीत तंबाखू? पोरीसमोर ही शोभा!"

"चुकलं गं माझं," आई म्हणाली.

तेव्हा बोलता आलं असतं. बसमध्ये, हॉटेलात, परतीच्या विमानातही आलं असतं. कितीदा तोंड उघडलं — आणि पाणी प्यायलो.

घरी आल्यावर बायकोनं हा किस्सा विहारात सांगितला. वाईट मनानं नाही, गंमत म्हणून. बायका हसल्या. त्या वर्षी वर्षावास लागला आणि आई वाचायला बसली नाही. मागे, चपलांपाशी बसायची. बोलवायला आलेल्यांना म्हणाली, शील मोडलेल्यानं वाचू नये.

एकदा घरात दोघंच असताना मी हळूच म्हणालो, "आई, तंबाखू तुझी नव्हतीच."

"तंबाखूचं कोन बोलतंय, बाबू?" ती लसूण सोलत होती. "मी खोटं बोलले ना."

विहार आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर आहे. तिथं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तिचं खोटं पुसलं गेलं नसतं, पण ते कुणासाठी होतं हे तरी कळलं असतं. तीन पावसाळे गेले. तीन पावसाळे आई चपलांपाशी बसली. चौथ्याला ती नव्हती.

आई गेल्यावर विहारात झालेल्या पुण्यानुमोदनाला बायकोनं भरल्या डोळ्यांनी तो किस्सा पुन्हा सांगितला, सासूची आठवण म्हणून. लोक प्रेमानं हसले. मुलगी हसली.

मीही हसलो.

पुडी माझी होती. आत्ता खिशात आहे, तीही माझीच.