कापलेलं वेटोळं

आमच्या ह्यांना पसारा खपत नाही. घरात वायर लोंबकळताना दिसली की ह्यांच्या हातात कात्री आलीच. प्रकाशाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मेकॅनिक. आरसा केसभर हलला तरी ह्यांना कळतं. बायकोचा चेहरा उतरलेला मात्र कळत नाही, ते असो.

तिथल्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांच्या स्फटिकातून प्रकाशाचे दोन जुळे कण निघतात. एक खोलीच्या या टोकाला मोजायचा, दुसरा त्या टोकाला. दोघांची उत्तरं किती जुळतात याचा आकडा दोनच्या वर गेला, तर ते एकमेकांत गुंतलेले. तीन आठवडे आकडा शून्याजवळच रेंगाळत होता. मॅडमना वाटलं, स्फटिकच मेला. शुक्रवारी प्रयोग कायमचा बंद होणार, म्हणजे चार वर्षं पाण्यात!

बुधवारी सकाळी इस्त्री करायला गेले, तर वायर टेबलापर्यंत पोचेना. ह्यांनी कापून आखूड केलेली!

"अहो, ती लांबी काय उगाच ठेवली होती?" मी कडाडले.

ह्यांनी वायरचं तोकडं टोक हातात धरलं. "अगं, तिथल्या एका केबलचं वेटोळंही मीच कापलंय, आणि टोकं पुन्हा जोडलीयत. तीन आठवड्यांपूर्वी. मला वाटलं, फालतू आहे."

सांगायला एकट्याने जायचा ह्यांना धीर होईना, म्हणून मीही सोबत गेले.

"मॅडम, केबलचं वेटोळं मीच कापलं," हे म्हणाले.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. मग धावत जाऊन नवी केबल घेऊन आल्या. दोन्ही केबली सारख्याच लांबीच्या हव्यात, म्हणजे जुळ्यांची खबर एकदमच पोचते. इथे वेटोळं गेल्याने एकाची आधी पोचत होती, आणि यंत्र त्यांना जुळे मानतच नव्हतं.

केबल बसली. मॅडम काचा फिरवत एकेक माप घेऊ लागल्या. तासाभराने आकडा उमटला: दोन पूर्णांक सहा.

"आधी ठरवून निघत असतील दोघं," मी म्हटलं.

"ठरवून निघालेल्यांना दोनच्या पुढे जाताच येत नाही, काकू."

बाई गं! अंगावर सर्रकन काटा आला. न ठरवता, न बोलता, खोलीच्या दोन टोकांना!

"म्हणजे मी केबल कापली तरी त्यांचं नातं तुटलं नव्हतं?" ह्यांनी घाबरतच विचारलं.

"नाही हो काका. ते होतंच. आपल्यालाच कळत नव्हतं."

ह्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग माझ्याकडे वळले.

"अगं, तू रडतेयस?"

संसाराच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांना न सांगता कळलं.