शबरीने झाडलेली वाट

आमच्या वाडीतल्या हौसाकाकूला शबरीची गोष्ट फार आवडते. तिला बोरांचं मात्र कौतुक नाही. "वाट बघायची म्हणजे नुसतं बसायचं नाय. शबरी रोज वाट झाडायची," असं ती ठणकावते.

म्हणून शिमग्यात पालखी घरोघर यायच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या संदेशचंही अंगण सारवते. संदेश कित्येक वर्षं मुंबईलाच आहे. बंद घरापुढे पालखी थांबत नाही, म्हणून यंदा मी चिडूनच विचारलं, "काकू, कोण येणाराय तिथे?"

दुसऱ्या दिवशी ते सारवलेलं अंगण बघून पालखी कुलपासमोर थांबली. काकूने संदेशच्या नावाने नारळ ठेवला आणि ती माझ्याकडे वळली.

"देव आला ना? मग माणसांना यायला काय धाड भरलीय?"