भिंगरीसाहेबांची टेकडी

भिंगरीसाहेबांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. कुवेतला आमच्या प्रोजेक्ट ऑफिसात ते मोजणीच्या कामाचे प्रमुख होते. मूळचे स्पेनचे, साठीकडे झुकलेले. मीटिंगमध्ये ते खिडकीपाशी उभे राहत, मग दाराशी जात, मग पुन्हा खिडकीपाशी, आणि बोलणाऱ्या मॅनेजरची मान त्यांच्यामागे फिरत राही. "यांच्या पायाला भिंगरी आहे," असं मी एकदा डबा खाताना आमच्या मराठी टेबलावर म्हटलं आणि ते नाव त्यांना चिकटलं. कोणीतरी त्याचा अर्थ त्यांना सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, अर्थात उभ्याउभ्या.

ती वही ऑफिसची नव्हती, गावाची होती. जेमतेम नव्वद माणसांचं गाव, एक चर्च, एक बार आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. नाव त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल, मला एकदाही नीट उच्चारता आलं नाही. त्या गावाचा इतिहास ते बारा वर्षं लिहीत होते. कोणाच्या गोठ्याच्या भिंतीत कोरीव दगड आहे, कोणत्या शेतात नांगराला खापरं लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. मी सिन्नरकडची. आमच्याकडे अशी खापरं निघाली की बांधावर फेकून देतात, असं मी सहज बोलून गेले. "कुठल्या बांधावर?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी आईला फोन लावला, तर तीच मला म्हणाली, "तुला तिकडं दुसरं काम नाही का गं?"

"आधी जागा सांगा, मग गोष्ट सांगा," हे त्यांचं पालुपद होतं. साइटवर एकदा लोडरचा धक्का लागून मोजणीची एक खूण जरा सरकली. दोन दिवसांचं काम त्यांनी एका सकाळी रद्द केलं. मॅनेजर चिडला, म्हणाला, दोन बोटांनी काय बिघडतं? भिंगरीसाहेब केबिनमध्ये येरझाऱ्या घालत म्हणाले, "खूण हलली की तिच्यावरून मोजायचं नाही. मग ती दोन बोटं हलली काय आणि दोन मैल हलली काय."

मी ऑफिसात ड्रॉइंग करते, म्हणून गावाचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. दर शुक्रवारी सकाळी ते एगैलाला आमच्या घरी येत. मी कॉम्प्युटरवर बसे आणि ते चहाचा कप हातात धरून हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. नवरा आत येऊन हळूच म्हणे, "अगं, बसव यांना. कार्पेट झिजायला लागलं." त्यावर मुलगी मान वर न करता म्हणे, "बाबा, लेट हिम बी."

नकाशावर एका टेकडीवर लाल ठिपका होता. तिथे त्यांच्या आजोबांच्या मेंढवाड्याच्या भिंतीत लॅटिन अक्षरांचा एक दगड होता, कुणा बाईच्या थडग्यावरचा. त्या दगडावरून त्यांनी पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण लिहिलं होतं, की या टेकडीवर रोमन वस्ती होती. पुढे एका कंपनीने सोलरच्या पॅनलांसाठी तीच टेकडी मागितली. मेंढ्या चरायच्या तिथे, गावाचा झरा तिथला. जुनी वस्ती सिद्ध झाली तर कायद्याने तिथे मशीन लावता येणार नव्हतं. गावच्या पंचायतीने भिंगरीसाहेबांचं ते प्रकरण जोडून हरकत घेतली. ज्या गावाने वहीला हसून बारा वर्षं काढली, ते गाव आता त्यांना रोज फोन करायला लागलं.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी त्यांच्या आत्याचा फोन आला. नव्वदीची बाई. साहेब आमच्या गॅलरीत बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचं चालणं मंदावलं. आत येऊन त्यांनी सांगितलं, तो दगड टेकडीवरचा नाहीच. आजी शेजारच्या गावची. लहानपणी ती तिथल्या पाणचक्कीपाशी त्याच दगडावर बसायची. चक्की पाडली तेव्हा आजोबांनी तिच्यासाठी तो खेचराच्या गाडीतून आणला आणि मेंढवाड्याच्या भिंतीत बसवला.

"गप्प राहा," मी म्हटलं. "आत्या कोणाला सांगायला जाणार आहे? टेकडी वाचतेय ना?"

"दगड तिथला नाही, मॅडम."

"म्हणून रोमन लोकांनी त्या टेकडीला पायच लावला नसेल का?"

"लावला असेल. मला माहीत नाही. तेवढंच लिहायचं."

मी त्यांच्यावर ओरडले. वयाने, हुद्द्याने मोठा माणूस, पण माझा तोल गेला. गावाचं पाणी जाईल आणि तुम्ही आजीचा दगड कवटाळून बसा, असंही म्हणाले. मग मी ठिपका उचलला आणि नदीकाठी शेजारच्या गावात नेऊन ठेवला. टेकडी रिकामी झाली. जाताना ते म्हणाले, "जुनी फाइल, नवी फाइल, दोन्ही तुमच्याकडेच असू द्या."

रविवारी ते पाइपलाइनच्या मोजणीला दूर सीमेजवळच्या वफ्र्याकडे गेले. सोमवारी मला पंचायतीच्या चिटणिसाचं पत्र आलं. उद्या सुनावणी आहे, साहेब फोन उचलत नाहीत, नकाशाच्या कोपऱ्यात तुमचं नाव दिसलं, शेवटचा नकाशा लगेच पाठवा. मी साहेबांना अकरा वेळा फोन लावला. तो बंद. पाणी प्यायले, खाली उतरून पार्किंगला दोन चकरा मारून आले. शेवटी नवा नकाशा पाठवला.

हरकत फेटाळली गेली. गुरुवारी साहेब वफ्र्याहून शेतातल्या काकड्यांची पेटी घेऊन आले, ऑफिसात सगळ्यांना वाटल्या आणि टेकडीचा विषय काढला नाही. दोन महिन्यांनी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निघायच्या दिवशी पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती फिरत ते म्हणाले, "वफ्र्याचं काम माझं नव्हतं. मी मागून घेतलं. फोनही मीच बंद ठेवला होता."

"का?"

"त्यांनी मला विचारलं असतं, तर मी जुना नकाशा दिला असता."

"आणि मी दिला असता तर?"

"तुम्ही माझ्यावर ओरडलात, तरी ठिपका हलवलात. मला तेवढं पुरे होतं."

मला इतका राग आला की मी निरोपही नीट घेतला नाही. आपली टेकडी माझ्या हातात ठेवून हा माणूस पाइप मोजायला निघून गेला होता. राग अजून येतो. तितकीच त्यांची आठवणही येते. आता त्या टेकडीवर पॅनलं आहेत. गावच्या बारमध्ये ते जिथे उभे राहतात तिथून माणसं सरकतात, असं त्यांनी फोनवर हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. पुस्तक छापून झालं, त्याची एक प्रत त्यांनी मला पाठवली. पहिल्या पानावर हाताने लिहिलंय, 'जिच्यावर मी विसंबलो, तिला.'

त्या सोमवारी चिटणिसाच्या पत्राच्या उत्तराला मी आधी जुनी फाइल जोडली होती. पंधरा-वीस मिनिटं ती तशीच जोडलेली होती. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.